काडतुसांची काटकसर

आमच्या क्रीडा विभागाचा पैसा मार्चअखेर खर्च झाला नाही, तर परत जातो. किस्से मात्र परत जात नाहीत! ते पुढच्या वर्षाला जमा होतात. आता एवढे साठलेत, की कुणी नुसतं "नोकरी कशी चाललीय?" विचारलं तरी मी सुरूच होते.

मी अकोल्याची, जुन्या शहरातली. बी.कॉम. झाले आणि अमरावतीला विद्यापीठात अ‍ॅथलेटिक्सची बिलं करायला कंत्राटावर लागले. रोज अप-डाऊन. स्वभाव असा, की मोबाइल व्हायब्रेट झाला तरी मी दचकते. अशा मुलीला नोकरी कुठे मिळावी? जिथे बंदूक वाजते तिथे!

*

पहिल्याच दिवशी आमचे कोच वानखडे सर यांनी माझ्या पाठीमागे स्टार्टरचं पिस्तूल वाजवून पाहिलं. मी "आई गं!" करून हातातली सगळी व्हाउचर उधळली.

सर हळहळले. मला वाटलं, माझ्यासाठी!

"तू दचकली त्याचं काई नाई पोरी. पण एक काडतूस गेलं ना!"

*

काडतुसांना मंजुरी देणारे लेखा विभागाचे इंगोले साहेब. चष्म्यावरून बघतात आणि एकच वाक्य बोलतात : "तीन कोटेशन आणा."

एकदा शिबिरातल्या मुलींसाठी केळी घ्यायची होती. केळ्यांनाही तीन कोटेशन! मी आमच्या जुन्या शहरातल्या केळीवाल्या काकांकडे गेले.

"कोटेशन म्हंजे काय वो ताई?"

"भाव लिहून द्यायचा, काका."

"कोन्ता? सकाळचा, का संध्याकाळी केळं डागाळल्यावरचा?"

मी दोन्ही लिहून घेतले, तिसरा शेजारच्या गाडीवरून. फाइल फिरून मंजूर झाली, तोवर नमुन्याला आणलेली केळी काळी पडली होती. मी साहेबांना सांगितलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "मग डेड स्टॉकला लावा, टेबल-खुर्च्यांच्या खाली."

*

स्पाइक्सचं बिल गेलं, तेही परत आलं. धावायच्या बुटांना तळाशी खिळे असतात, हे साहेबांना पटेचना.

"बूट क्रीडा विभागाचे, मान्य. खिळे बांधकाम विभागातून घ्या!"

*

लांब उडीच्या खड्ड्यात रेती टाकायची होती. ट्रॅक्टर घेऊन सर आणि मी भातकुलीच्या रस्त्यानं येत होतो, तर तपासणीवाल्यांनी अडवलं. मी पावती शोधायला लागले. आता जेल, मग घरी काय सांगू?

"कोठं बांधकाम चालू हाय?"

"बांधकाम नाई साहेब. उडी माराले पायजे," सर म्हणाले.

"एक ट्रॅक्टर रेतीत उडी? कोन मारते?"

सरांनी चपला काढल्या, पँट वर घेतली आणि पोट सांभाळत रस्त्याच्या कडेच्या मातीत धाडकन उडी मारली!

तपासणीवाल्यानं रेतीची पावती पाहिली, सरांना पाहिलं. "जाऊ द्या बाप्पा यायले. खरंच गरज हाय."

*

आता काडतुसांचं. साहेबांनी सरावाची काडतुसं बंदच केली. "ढिशक्यांव तोंडानं करा!" सरांनी मग थाळीफेकीची जुनी थाळी पत्र्याच्या डब्यावर आपटायला सुरुवात केली. त्या आवाजानं मी रोज, न चुकता, "आई गं!"

डब्याचा आवाज कधी दबका, कधी मोठा. माझा मात्र कायम कडक! पोरी हळूहळू माझ्यावरच सुटायला लागल्या. सगळ्यात जोरात सुटायची कोमल तायडे. भातकुलीची, शंभर मीटरवाली, शेवटच्या वर्षाला.

"ताई, मले आता डब्बा ऐकूच येत नाई. तुमची आईच ऐकू येते!"

मी हसले. पण यंदा ऑल इंडिया आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रवासाला शंभर मीटरच्या एकाच मुलीची मंजुरी होती. निवड स्पर्धेत पहिली येईल तीच जाणार. कोमलचा हा शेवटचा चान्स! मी सरांना विचारलं, "आणि त्या दिवशी खरी बंदूक वाजली तर?"

सर डब्याचा पोचा काढायला लागले. मला रात्रभर झोप नाही!

*

निवड स्पर्धा अकोल्यात. इंगोले साहेब स्वतः हजर, का तर वाजलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ताब्यात घ्यायला! बसले माझ्याच मागे, फुटाण्याची पुडी घेऊन.

शंभर मीटरची फायनल. कोमल चौथ्या लेनमध्ये. "ऑन युवर मार्क्स... सेट..." सगळं मैदान चिडीचूप.

आणि साहेबांनी रिकामी पुडी फुगवून फट्कन फोडली!

"आई गं!"

कोमल सुटली. एकटीच. अर्ध्यात पोचल्यावर तिला कळलं, की मागे कुणीच नाही. फॉल्स स्टार्टला थेट घरी पाठवतात! सरांनी डोक्याला हात लावला.

स्टार्टर तरातरा आमच्याकडे आला. "कोन ओरडलं?"

मी हात वर केला. साहेबांनी पुडी खिशात घातली.

स्टार्टरनं वळून कोमलला हिरवं कार्ड दाखवलं. चूक बाहेरच्या आवाजाची, धावणारीची नाही. शर्यत पुन्हा! मग माझ्याकडे बोट केलं. "पण या बाईले पयले गेटच्या बाहेर काढा!"

वानखडे सर काकुळतीला आले. "असं नका करू ना साहेब! ते गेली तं आमची पोरगी सुटन कशी?"

स्टार्टरला काही कळेना. मला गेटबाहेर उभं केलं. समोर नुसती भिंत. दिसत काही नव्हतं. मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले. मग वाटलं, दाबू का नको? काढले. पुन्हा दाबले.

आत सगळं शांत झालं.

ठ्ठो!

"आई गं!!"

भिंतीवरची कबुतरं उडाली. चहावाल्याच्या हातून कप पडला. आत एकदम गलका, शिट्ट्या, आरडाओरडा, आणि मला कुणी काही सांगेना!

तेवढ्यात गेट धाडकन उघडलं. इंगोले साहेब धावत बाहेर आले. चष्मा कपाळावर, शर्ट बाहेर, खिशातून पुडी लोंबतेय.

"मॅडम, उभ्या काय राहिल्या? तिकीट काढा! कोमलचं तिकीट काढा!"

"साहेब... तीन कोटेशन?"

"चुलीत घाला ते कोटेशन! दोन तिकिटं काढा. एक तिचं, एक तुमचं!"