चंपाषष्ठीची शेगडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधे मला थांबावं लागणार नाही. कारण जे झालं ते मीच केलं, माझ्या या दोन हातांनी केलं, आणि वर त्याला गेरूचे पट्टेही मीच ओढले! चहा निवतोय, घ्या की.

लग्न होऊन मी इंझोरीला आले, ती एक शेपूट घेऊनच आले. "सातवी पास सून!" गावात तेव्हा एवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती. दूध उतू गेलं, की "सातवी पास हाये नं, मंग!" भाकरी फाटली, की तेच. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाईट नव्हत्या हो. पण माझ्या हातचा पहिला घास घेताना त्या डोळे मिटायच्या. ते चवीनं की धीरानं, हे मला कधी कळलं नाही.

आमच्याकडे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मास सुरू झाल्यापासून घरात वांगं येत नाही, ते त्या दिवशी एकदम टोपल्यांनी येतं. मानोऱ्याचे पाहुणे गाड्या जुंपून येतात. आणि आदल्या वर्षी ती सगळी वांगी भाजायला कुणाला बसवलं होतं? मला! निम्मी कच्ची राहिली, निम्म्यांचा कोळसा झाला. मानोऱ्याचे मामंजी, म्हणजे आत्याबाईंचे भाऊ, पानावर बसून म्हणाले, "सूनबाई, हे भरीत हाये का काजळ?"

पंगत हसली. मी धुराचं निमित्त करून रडून घेतलं.

त्यानंतर एक दिवस हे जंगलातल्या साहेबाच्या बंगल्यावर धान्याची गाडी पोचवून आले आणि जेवताना म्हणाले, "आज गंमतच पाह्यली. साहेबाचा खानसामा उघड्यावर विटा रचून, वर लोखंडी गज टाकून खाली निखाऱ्यावर भाजून राह्यला होता. ना फुंकणी, ना धूर!"

काय भाजत होता ते यांनी आत्याबाईंसमोर सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त गज शिरले. गजांवर रांगेनं वांगी! एका वेळी टोपलंभर! मला तर रात्रभर झोप येईना.

सकाळी मी जाहीरच करून टाकलं, "यंदाचं भरीत मी करीन. परसात!"

आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कर बापा. पन यंदा बिघडलं तं पुढं भरताले हात लावायचा नाई. पानं वाढजो निस्ती."

झालं! आता माझी अब्रू त्या वांग्यांवर.

मी पदर खोचला. तीन बाजूंनी विटा-मातीच्या भिंती उभ्या केल्या, चौथी बाजू उगवतीकडे उघडी, वारं यायला. वर पत्र्याचं छप्पर, दव पडू नये म्हणून. जुन्या खिडकीचे गज तारेनं बांधून जाळी केली. ती मधोमध वाकायला लागली, तेव्हा माझ्याच हातून फुटलेला वरवंटा तिच्याखाली उभा करून टेकू दिला. शेणानं सारवलं. गेरू उरला होता, तो कडांना ओढला. काय सुरेख दिसत होतं म्हणता!

पण माझा बाळू तेव्हा नुकताच रांगायला लागला होता. जे म्हणून गरम, ते त्याला हाक मारायचं. मला जागेपणी स्वप्नं पडायला लागली, बाळू रांगत रांगत शेगडीत शिरतोय! मग मी भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. तेवढ्यानं भागेना. वाशीमच्या स्टेशनावर मी पाहिलं होतं, लाल फडकं दाखवलं की आगगाडीसुद्धा थांबते. मग शेजारची पोरं थांबणार नाहीत? मी जुन्या लाल लुगड्याचा तुकडा फाडला आणि काठीला बांधून शेगडीवर उभा केला.

आता तुम्हीच सांगा, इथवर माझं काही चुकलं का?

आमच्याकडे धुण्याभांड्याला गंगा यायची. निम्म्या गावाचं पाणी तीच भरी आणि सगळ्या गावाच्या बातम्याही. तिला मी बजावलं, "गंगाबाई, हिच्याजवळ कोणी जायचं नाही हं. पोरंसोरं तर नाहीच. हात लावला की पोळलाच समजा."

गंगानं लाल फडक्याकडे पाहिलं, आतल्या तुळतुळीत दगडाकडे पाहिलं आणि एकदम हात जोडले.

मला वाटलं, किती आज्ञाधारक बाई!

मग सुरू झाला सराव. वांग्याला अजून हात लावायचा नव्हता, म्हणून रताळी घेतली. रोज दुपारी बाळू निजला की मी शेगडीसमोर बसे. गोवऱ्या ओल्या असल्या की धूर निघे. साहेबाच्या खानसाम्याला धूर कसा नव्हता, देव जाणे! मी सुपानं वारा घाली, मागेपुढे डोले, अंबाडा सुटे, डोळ्यांतून धारा. कुंपणापलीकडे चार बायका उभ्या राहून बघायच्या. मी मनात म्हणे, बघा, बघून शिका!

एका दुपारी त्यातलीच एक लेकरू कडेवर घेऊन आत आली. दबकत म्हणाली, "बाई, इथली थोडीशी राख भेटंन काय जी?"

"थोडीशी कशाला? टोपलंभर ने!"

मी खरंच टोपलं भरून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बिचारीकडे केवढी भांडी पडली असतील!

दुसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या. सगळ्यांच्या कडेवर लेकरं. मला तर हुरूपच आला. मी वर फुकटचं शिकवलंही, "नुसती लावून उपयोग नाही बरं का. जिथं जास्त चिकटलं असेल तिथं जोरानं चोळा. सगळं जातं!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. आमची भांडी-घासणी गावात एवढी नावाजली जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

अखेर चंपाषष्ठी उजाडली. मी तेल लावलेल्या वांग्यांचं टोपलं काखेला मारून परसात गेले आणि तिथंच थिजले.

परस बायकांनी भरलेलं! माझ्या वरवंट्याला शेंदूर! गजांना हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, पत्र्यावर खण पसरलेला, समोर नारळांचा ढीग! आणि कुंपणाच्या तोंडाशी गंगा, "वहाना तिकडं काढा वं! लोटालोटी करू नका!"

"गंगाबाई! अगं, काय हे? ही शेगडी आहे!"

"व्हय बाई. शेगडीमाय!"

"अगं, मी बांधली ती!"

"तुमच्या हातानं बांधून घेतली तिनं!"

"आणि तो वरवंटा आहे गं! माझ्या हातून फुटलेला!"

गंगा मागे वळून ओरडली, "आयकलं काय वं? देवी वरवंट्यातून निंघाली!"

गलका झाला. एकजण पुढे होऊन माझ्या पाया पडली. "माह्या पोट्ट्याच्या छातीले राख चोयली बाई. तुमी सांगतलं तशी, जोरानं. खोकला गेला नं!"

तेव्हा कुठे माझ्या सातवी पास डोक्यात उजेड पडला! आणि तेवढ्यात वेशीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मानोऱ्याचे पाहुणे! वांगी टोपल्यात, विस्तवाचा पत्ता नाही, आणि ज्या शेगडीवर माझी अब्रू, तिच्यावर खण!

आत्याबाई बाहेर आल्या. "सूनबाई, भरीत कुठीसा हाये?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. गज, लाल फडकं, राख, सगळं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेंदराकडे. ओठ घट्ट मिटले, खांदे जरासे हलले. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पुढे गेल्या, पत्र्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. अगदी माझा घास खाताना मिटतात तसे.

"अवं, पाहून काय राह्यल्या?" त्या एकदम गरजल्या. "चार महिने झाले, देवीनं वांगं नाई पाह्यलं! भूक लागली तिले! इस्तो पेटवा!"

बस्स! खण उचलला, बांगड्या उतरवल्या, गोवऱ्या आल्या. गंगा स्वतः सूप घेऊन वारा घालायला बसली. गजांवर वांगी रांगेनं पडली, तडतडली, सालं सुटली. अहो, काय तो वास! राखेत रोडगे फुलले. नैवेद्य झाला आणि पाहुण्यांबरोबर त्या साऱ्या बायकाही पंगतीला बसल्या.

मानोऱ्याच्या मामंजींनी पहिला घास घेतला. मी दाराआड श्वास रोखून उभी.

"वा! असं भरीत जन्मात नाई खाल्लं!"

मी पुढे झाले. आता नाव निघणार माझं!

"देवीचंच हे! मानसाच्या हातानं असं होते काय?"

घ्या! कोळसा झाला तेव्हा माझा, आणि भरीत झालं ते देवीचं! पण पानं उचलताना आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुढच्या सालीबी तूच करजो." मी हवेत तरंगायला लागले.

ती तरंगत होते दिवेलागणीपर्यंत. मग बाळू खोकला. दिवसभराचा धूर, दुसरं काय! मला कळत होतं. मी हळदीचं दूध दिलं, छातीला तेल लावलं. तो पुन्हा खोकला. कपाळ जरा गरम लागलं, की माझाच हात गरम होता?

राख ती राख. सातवी पास बाईला हे सांगायला का लागतं?

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. परसात कोणी नव्हतं. बाळूला कडेवर घेतलं, कुंपणाच्या तोंडाशी वहाणा काढल्या, त्या का काढल्या ते विचारू नका, आणि गजांखाली हात घालून चिमूटभर राख उचलली.

"काहून वं सूनबाई?" मागून आवाज आला. आत्याबाई! "भांडे घासाले राख नेऊन राह्यली काय?"

माझी चिमूट तशीच हवेत. त्यांनी बाळूकडे पाहिलं, माझ्या वहाणांकडे पाहिलं, आणि घरात वळता वळता म्हणाल्या,

"जोरानं चोळजो. सगळं जाते म्हने."