झडतीची काठी

"हात लावू नगंस. काठीनं बघ."

माधवनगरच्या एका सूतगिरणीच्या फाटकावर माझा पहिला दिवस. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाळी सुटली होती. बाया कपड्यात सूत लपवून नेत नाहीत ना, हे बघायला दोन रांगा आणि दोन झडतीवाल्या. पलीकडच्या रांगेला शेवंता, मराठ्याची. अलीकडे मी, बौद्धाची. माझ्या रांगेत पहिली तानूबाई. ती मागं सरली आणि वरचं वाक्य बोलली. आमचे सिक्युरिटी साहेब पलटणीतून रिटायर होऊन आलेले. त्यांनी केबिनमधून एक बांबूची काठी आणून माझ्या हातात दिली. टोकाला चिंधी गुंडाळलेली. म्हणजे काठी आधीपासून तयार होती. माझ्याआधीही कुणीतरी ती धरली असणार.

शेवंता हातानं चाचपायची, मी काठीनं टोचायची. खांदा, कंबर, पोटऱ्या. बाया हसायच्या. मीही हसायचे. आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या हसण्याची.

कमरेला लुगड्याच्या आत गुंडाळलेलं सूत हाताला लागतं. काठीला काय कळतंय? सांगलीच्या बाजारात गिरणीचं सूत सापडलं आणि मेमो आला मला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणखी एक मेमो आला की घरी बसायचं, असं साहेबांनी बजावलं.

त्याच सुमारास बायांच्या झडतीवर सुपरवायझरची जागा निघणार असं कानावर आलं. शिकलेली बाई असली तर बरं, असं साहेबच बोलून गेले होते. मी दहावी पास. सांगलीत एका शाळेत दर रविवारी औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा चालायचा. वर्षाचा. त्याची फी म्हणजे आमच्या घरावर घालायचे पत्रे. दोन्ही होणार नव्हतं. नवरा मार्केट यार्डात हमाली करायचा. त्यानं एवढंच विचारलं, "पगार वाढंल का?"

"वाढंल की," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. पत्रे राहिले. त्या वर्षी छप्पर गळेल तसं पोरीचं अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत राहिलं.

वर्गात आम्ही दोघीच बाया. दुसरी मिरजेच्या एका दवाखान्यातली. शिकवायला साताऱ्याकडचे एक सुभेदार, आवाज परेडचा. एका रविवारी ते म्हणाले, झडती घेऊन दाखवा. मिरजेची बाई हात पसरून उभी राहिली. मी पुढं झाले, टेबलावरची त्यांची फळ्यावर दाखवायची छडी उचलली आणि तिच्या खांद्याला लावली.

अख्खा वर्ग हसला. सुभेदार हसले नाहीत.

"ती छडी कशापायी?"

सवयीनं उचलली होती. हे मला तेव्हा कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, इथं कुणी आडवं आलं नव्हतं. समोरची बाई हात पसरून उभी होती आणि माझा हात आपणहून काठीकडं गेला होता.

"गिरणीत मला हातानं घिऊ देत न्हाईत, सर."

का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. सुभेदार म्हणाले, "या कागदानं तुला बढती मिळंल असं मी सांगणार न्हाई बाई. जागा कुणाला द्यायची ते आधीच ठरल्यालं असतंय. पर झडती हातानं घेत्यात. पुस्तकात लिवलंय. ठेव ती खाली."

मी ठेवली. त्या दिवशी एका बाईला हातानं तपासलं, वर्षभरात पहिल्यांदा.

डिप्लोमा मिळाला. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला. "कागद झ्याक हाय," ते म्हणाले, "पर हात त्योच न्हवं?" सुपरवायझर शेवंता झाली. सातवी पास.

पाळी सुटेपर्यंत मी मनात एकच हिशेब घालत होते. पगार तोच, छप्पर गळकं, नवऱ्याला काय तोंड दाखवायचं? रागानं डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला. कशासाठी शिकले होते मी? परत काठी धरायला?

भोंगा झाला. मी रिकाम्या हातानं रांगेपुढं गेले. पहिली तानूबाईच.

"काठी कुठाय?"

"काठी न्हाई. हात वर करा."

तिनं केले नाहीत. मी फाटकाला कडी घातली. दोन्ही रांगा तुंबल्या, कालवा झाला. साहेब धावत आले, उघड म्हणाले. मी हजेरीची वही आणि पेन त्यांच्यापुढं धरलं.

"लिवून द्या साहेब. ह्या बाईनं हातानं झडती घ्यायची न्हाई. का न्हाई, ते बी लिवा. खाली सही करा."

त्यांनी पेन घेतलं नाही. एकदा रांगेकडं बघितलं, एकदा वहीकडं, आणि केबिनमध्ये निघून गेले. तानूबाईनं दात-ओठ खात हात वर केले. तिच्या अंगावर काही सापडलं नाही. सापडावं असं मला वाटतही नव्हतं.

जाताना केबिनच्या कोपऱ्यातली काठी मी उचलली. सुटताना आमचीही झडती व्हायची, आणि माझी घेणारी शेवंता होती. तिनं काठी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि बाजूला झाली.

नोकरी जायची तर जाईल. पण माझ्यामागून या फाटकावर जी कुणी आमची बाई येईल, तिला ती काठी मिळणार नाही. मी ती चुलीत घातली आणि जळून राख होईपर्यंत उठले नाही.