अक्कांची सुताची लडी

परवा छातीचा एक्स-रे काढायला गेलो होतो. तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि एकदम विचारलं, "काका, गाड्यांच्या ब्रेकचं काम केलंय का कधी?"

मी चाटच पडलो... छातीच्या फोटोत गॅरेज दिसतं हे मला नवीनच होतं!

सत्तरच्या दशकात सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं छोटं गॅरेज होतं. ट्रकचं चाक उतरवायचं, ब्रेकच्या ड्रममध्ये कॉम्प्रेसरने हवा मारायची, की राखाडी धुरळा भस्सकन बाहेर... संध्याकाळपर्यंत माझ्या भुवया पिकायच्या. बायको हसायची.

शेजारी अक्का राहायच्या. तेलुगू विणकर कुटुंब, घरात चादरीचे माग. अंगणात पांढऱ्या सुताच्या लड्या वाळत घातलेल्या असायच्या आणि माझा धुरळा नेमका त्यांवर जायचा. रोज भांडण. मीही काही कमी नव्हतो... अंगण उचलून पलीकडे न्या, म्हणालो होतो.

एका दुपारी अक्का न ओरडता आल्या. हातात एक लडी... अर्धी पांढरी, अर्धी राखाडी. माझ्या पान्यांशेजारी ठेवली.

"सुतावर बसलं तर दिसतंय की हो. तुमच्या छातीत बसलेलं कुणाला दिसणार?"

दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने ओल्या फडक्याने ड्रम पुसायला लागलो. काम लांबायचं, चिडचिड व्हायची, पण गॅरेज बंद होईपर्यंत तीच सवय राहिली. गिऱ्हाइकांना मात्र सांगायचो, शेजारीण लई भांडकुदळ आहे!

परवा डॉक्टरांनी समजावलं. तेव्हाच्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याचे बारीक तंतू आत जाऊन बसतात, त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. माझ्या फुप्फुसाच्या आवरणावर दोन पुसट डाग आहेत... घाबरण्यासारखं नाही, पण दरवर्षी दाखवायचं.

मी ओल्या फडक्याचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेव्हा हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

शेजारणीने, म्हटलं.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना एकदाही थँक्यू म्हटलं नाही याची फार लाज वाटते.

अक्का, कुणाला दिसणार असं विचारलं होतं ना तुम्ही? परवा दिसलं हो... दोनच डाग. बाकीचं फडक्यात राहिलं, तुमच्यामुळे.