बिदरला न पोचलेल्या गाठी

ती घटना आठवली की आजही माझी मिशी आपोआप वर जाते.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतलं ते ट्रान्सपोर्टचं गोदाम एवढं अवाढव्य, की आत हत्ती हरवला तर माहुतालाही पत्ता लागू नये. कॅमेऱ्यात दिसायचा तो फक्त मालाचा डोंगर. माल तिथं मुक्कामाला नसतोच. एका गाडीतून उतरतो, दुसरीत चढतो. बिदरला निघालेल्या टॉवेलच्या गाठी मात्र मध्येच नाहीशा झाल्या. मॅनेजरनं हमालांच्या मुकादमाचं नाव घेतलं. गुन्हा दाखल झाला असता तर मुकादमाचा बिल्ला गेला असता, आणि अब्रूही.

मी मुकादमाला ठाण्यात चौकशीला बसवलं. माझ्या नुसत्या खाकरण्यानं दरोडेखोरांना घाम फुटायचा, हा ढिम्म.

"गाठी कुठं आहेत?"

"ठावं असतं तर भरल्या असत्या की, साहेब. म्होरं येईल ते आमी भरतो."

खबर दिली ती गेटवर नंबर लावून बसलेल्या एका ड्रायव्हरनं. "साहेब, दार एकच हाय. आमी दिवसभर तिकडंच बघत बसतो. गाठी भाईर गेल्या असत्या तर दिसल्या नसत्या व्हय?"

म्हणजे माल आतच. मॅनेजर हसला. "अहो, आमच्याकडे सकाळी आलेला माल संध्याकाळी जातो. इतके दिवस आत राहीलच कसा?"

मग मी ठाण्याच्या आवारात त्याचं गोदाम मांडलं. शिपायांच्या वळकट्या म्हणजे गाठी, जप्तीतली हातगाडी म्हणजे बिदरची गाडी. मॅनेजरला म्हटलं, "चालवा रोजच्यासारखं."

पहिल्या वळकट्या भिंतीशी लागल्या. गाडी भरली, मागच्या उरल्या. नवा माल आला, तो त्यांच्यापुढे. पुन्हा गाडी लागली आणि हाताशी होता तोच माल चढला. अशा फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. शेवटी आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "मॅनेजरसाहेब, माझी वळकटी सगळ्यात आधी आलीय. ती कधी जायची?"

मॅनेजर भिंतीकडे बघतच राहिला.

गोदामाची मागची भिंत गाठायला हमालांनी एवढा माल उपसला, की बाहेर दुसरी एमआयडीसी उभी राहिली. गाठी तिथंच होत्या, धूळ खात. मॅनेजर घाईनं म्हणाला, "चला मुकादम, भरा गाडीत."

मुकादम जागचा हलला नाही. "आदी समद्यांदेखत म्हणा, म्या चोर न्हाय."

मॅनेजर माझ्याकडे बघू लागला. मी खुर्ची मागवली आणि बसलो. मला कसलीच घाई नव्हती. तो म्हणाला, पण पुटपुटला; म्हणून मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

माणसात चोर दिसायला पोलिसाला वेळ लागत नाही. त्या दिवसापासून कोणी चोरीची फिर्याद घेऊन आला की संशय कोणावर, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "त्या वस्तूच्या पुढे काय काय रचलंत?" एवढ्यावरच अर्धा सोलापूर जिल्हा फिर्याद न देता घरी गेला.