तीन रविवारी पुकारलेलं नाव

मी जहाजावर खलाशी होतो; माँट्रियलला पाय मोकळे करायला म्हणून उतरलो आणि परत चढलोच नाही, त्याला चार वर्षं झाली होती. नॉर्थ यॉर्कला एका बेसमेंटमध्ये राहायचो, पहाटे बेकरीत पाव भाजायचो. कामावरून परतताना बर्फ पडत असला की रस्ता, झाडं, बसस्टॉप सगळंच पुसून जायचं. त्यात आपणही पुसले गेलोय, आता कुणाला सापडणार नाही, असं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

ती आमच्या वसईचीच, पण लहानपणीच इकडे आलेली, सिटिझन. चर्चच्या हॉलमध्ये ओळख झाली. तिसऱ्याच भेटीत मी तिला सगळं सांगून टाकलं, म्हटलं आत्ताच पळाली तर बरं. पळाली नाही. "मग लग्न करू, मी तुला स्पॉन्सर करते," म्हणाली. वकिलाला विचारलं, तर इथेच राहून अप्लाय करता येईल, पण परत पाठवणारच नाहीत अशी खात्री नाही, असं त्याने सांगितलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. इथल्या फादरचा आग्रह नव्हता, तिच्या वडिलांचा होता. जे नाव मी पोस्टाच्या पेटीवरही लावलं नव्हतं, ते बापाच्या नावासकट भर चर्चमध्ये! "अंकल, ते राहू दे ना," मी म्हटलं.

नाव पुकारायला नको, म्हणजे माझी गावाला एक बायको आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. वसईला फोनवर फोन गेले. शेवटी मला खरं सांगावंच लागलं.

"फक्त पेपर्स नाहीत? एवढंच?" त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मी काय काय विचार केला रे! मग तर पुकारलंच पाहिजे."

पहिल्या रविवारी ते नाव दुसऱ्याच कुणाचं वाटलं. काचांतून निळं-तांबडं ऊन फरशीवर सांडलं होतं, हीटरच्या उबेत ओल्या कोटांचा वास येत होता, आणि मी दाराकडे बघत बसलो होतो. कुणी उठलं नाही. मागे एक बाळ रडलं तेवढंच. तिसऱ्या रविवारी मागच्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली.

लग्न झालं, अर्ज गेला, आणि वर्षभराने इंटरव्ह्यूला बोलावलं. ते वर्षभर मी मनात एकच धरून होतो. नाही म्हणाले तर मी जाईन, ती राहील. तिचं माणूस न् माणूस इथे होतं. हे तिला विचारायची हिंमत झाली नाही.

ऑफिसरबाईने तासभर प्रश्न विचारले. लग्न खरं की कागदापुरतं, हे तिला बघायचं होतं. शेवटी तिने माझ्या बायकोला विचारलं, "याला परत पाठवलं तर तुम्ही काय कराल?"

"दोन आठवडे आधी सांगा," बायको शांतपणे म्हणाली. "मला जॉबवर नोटीस द्यावी लागेल."

कागद पुढच्या उन्हाळ्यात आले. मी मात्र इंटरव्ह्यूच्याच दिवशी, त्या ऑफिसच्या वॉशरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं होतं.