आक्काची तुरटी

"तळ दिसालाय न्हवं? मग पी की गं!"

आक्काचं रोजचं बोलनं ह्ये. घागरीत तुरटीचा खडा गरागरा फिरवायची, गाळ बसला की घागर उनाकडं वाकडी करून आत बघायची.

निपाणीत आमी दोघी समोरासमोर, आपापल्या उंबऱ्यात बसून बिड्या वळायचो. तुमीबी बघितली आसशिला असली बाई, दुसऱ्याच्या सैपाकघरात न इचारता शिरनारी. गल्लीत नवी सून आली की आक्का खडा घेऊन हजर. कोन हसलं तर म्हनायची, "हसा. पोट धरून बसशिला तवा मलाच हाक मारशिला."

कधी कुनाचं पोट बिघडलं न्हाय, खोटं कशाला बोलू.

पन पुढं पानीच बदललं. अलीकडं उनाळा सरता सरंना. नळ कोरडं, आड तळाला. बिडीची पानं भिजवायलाबी पानी न्हाय. आनि एका साली पाऊस आला त्यो असा, की एका दुपारी गटार आनि आड एक झालं. एवढ्या वयात तसलं ऊन बघितलं न्हवतं, तसला पाऊसबी न्हाय.

आडाचं पानी चहावानी गढूळ झालं. आक्का दारोदार खडा फिरवत सुटली. दवाखान्यातली नर्सबाई आलती. म्हनाली, "आज्जी, नितळ झालं तरी उकळूनच प्या."

आक्कानं घागरीत सुई टाकली. "दिसालीया न्हवं? आनि काय दाखवू?"

"रोग डोळ्यांना दिसत नाही, आज्जी."

"दिसत न्हाय त्याला कशाला भ्यायचं गं?"

सगळ्या हसल्या. मीबी हसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या नातीला उलट्या-जुलाब सुरू झालं. मग शेजारी, मग सगळ्या गल्लीत. पोरीचं डोळं आत गेलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी ऱ्हायली. नवरा गेला तवाबी मी धीर सोडला न्हवता. ती कातडी बघितली आनि मी आक्काला हाक मारली.

आक्का दारात आली. "कुठलं पानी दिलंस हिला?"

"तू नितळवलेलं."

तिनं माझी घागर उचलून गटारात रिकामी केली. वाकली तवा दिसलं, तिचं लुगडं मागनं वलं झालतं. सकाळपासनं तिलाबी जुलाब लागलं हुतं, कुनाला बोलली न्हवती.

दवाखान्याला निघालेल्या रिक्षात आदीच दोघं आडवी. एकाचीच जागा हुती. मी आक्काचा हात धरला.

"सोड," म्हनाली. "पोरीला घाल आत. मी बसते हितं."

दवाखान्यात पोरीला सलाईन लावलं, पोरगी वाचली. दुसऱ्या खेपंला रिक्षा आक्कासाठी गल्लीत आली, तवा ती माझ्याच उंबऱ्याला टेकून बसलेली. उठली न्हाय.

तिचा खडा माझ्या कोनाड्यात हाय. तिच्या बोटांच्या खाचा दिसत्यात त्याच्यावर. गढूळ पानी आलं तर मला काय वाटत न्हाय, चुलीवर ठेवते. नितळ आलं, तळ दिसला, की तांब्या तोंडापतुर जात न्हाय.