तिघांत एक मशीन

बदलीच्या नोकरीत सामान फार जमू द्यायचं नाही, हे मला पहिल्याच टेम्पोवाल्याने शिकवलं. तेव्हापासून कपाट घेतलं नाही, गादीसुद्धा पातळच ठेवली. किस्से मात्र कसे जमत गेले कळलंच नाही. त्यांना ना दोरी लागते, ना हमाल! तलासरीच्या घरातले तर इतके आहेत की कुठून सुरू करू असं होतं.

घर उधव्याच्या रस्त्याला, भाड्याचं. राहणारे आम्ही तिघे. मी बँकेत कॅशियर, गाव सांगोल्याकडे. पाटणकर सर हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, बायको आणि मुलगी रत्नागिरीला. ढोले डॉक्टर गुरांच्या दवाखान्यात, मूळचे अमरावतीचे. त्यांच्या घरी कोण कोण होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

*

संध्याकाळी जेवण झालं की तिघेही मोबाइलवर गेम खेळत बसायचो. एकाच खोलीत, पण तीन भिंतींना पाठ टेकून, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. एकदा लाइट गेली, नेटवर्क गेलं, आणि सर एकदम म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं घरातच होता होय!"

त्या आठवड्यात ठरलं, तिघांत एक गेमिंग कॉम्प्युटर घ्यायचा. तयार नाही, पार्ट निवडून स्वतः जोडायचा. स्वस्तात होतो म्हणून, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. खरं म्हणजे तेवढेच चार रविवार जाणार होते.

*

पहिल्या रविवारी डहाणू रोडला गेलो. मसोलीच्या बाजूला हितेशभाईंचं दुकान. त्यांनी आधी सात रंगांत लुकलुकणारा कॅबिनेट पुढे केला.

डॉक्टर म्हणाले, "लाइट काढून टाका, मग भाव सांगा."

"लाइट तर फ्री छे, साहेब!"

"मग काढायला काय हरकत आहे?"

शेवटी पुढून जाळी असलेला साधा काळा डबा घेतला. हवा खेळती राहिली म्हणजे झालं. हितेशभाई वही काढून म्हणाले, "आता घरमा छोकरा केवढा छे ते सांगा. त्याच्यावर मशीन सांगतो."

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो. मग सरांनी सांगितलं, "तीन आहेत. एक बावन्नचा, एक त्रेचाळीसचा आणि हा एकतीसचा!"

*

पार्टची यादी माझ्याकडे होती. बँकवाला ना मी! तीन दुकानांची कोटेशन आणली आणि प्रत्येक ओळीत सगळ्यात स्वस्त त्यावर टिक केली. दुकानात उभ्या उभ्याच सरांनी यादी वाचली आणि ते म्हणाले, "प्रोसेसर मध्यम चालेल, मदरबोर्ड साधा चालेल, पण पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको. इथलं व्होल्टेज बघतोस ना? तो गेला तर सगळ्यांना घेऊन जाईल."

मी माझा स्वस्तातला पॉवर सप्लाय सोडायला तयार नव्हतो. तेवढ्यात डॉक्टरांनी दुकानदाराच्या काउंटरवरचा तो डबा एका हाताने उचलला, जरा खाली-वर केला आणि परत ठेवला.

"कॅशियर," ते म्हणाले, "हे जनावर उपाशी आहे!"

वजनदार घेतला.

*

जोडणी डॉक्टरांनी केली, कारण हात त्यांचाच स्थिर. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर पेस्ट लावायची होती, वाटाण्याएवढी. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि ट्यूब दाबून बरोब्बर वाटाणा काढला. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"वीस वर्षं टोचतोय," ते म्हणाले, "इतका गप पडून राहिलेला हा पहिला पेशंट!"

*

घरमालकीण जानकीताई शेजारीच राहायच्या. भाताची शेती, त्यामुळे दिवसभर बांधावर. एका संध्याकाळी पापड्या द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. स्क्रीनवर डोंगर, नदी, लांबच लांब गवताळ माळ, आणि घोड्यावर एकटाच माणूस चाललेला. तो माणूस म्हणजे मी.

"एवढी जमीन," जानकीताई म्हणाल्या, "आन् राहतंय कोण?"

"कुणीच नाही, ताई. हा एकटाच."

त्यांनी पापड्या ठेवल्या, आमच्या तिघांकडे एकदा बघितलं.

"लगीन झालेलं हाय का त्याचं?"

*

ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी घेतलं. तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच भागवत होतो. कार्ड बसवलं आणि काय सांगू! डॉक्टर म्हणाले, गवताची पात न् पात दिसते. मी म्हणालो, पाणी खरं वाटतं. तीन आठवडे आम्ही त्या कार्डाचं कौतुक करत होतो.

मग एका रविवारी सरांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंजिनीअरिंगला. त्यांचे कॉल मला पाठ होते. "जेवलात?" "जेवलो. तू?" "हो. अजून काय?" "काही नाही." "ठेवते." त्या दिवशी सरांनी कौतुकाने मशीन दाखवलं, मागची बाजूसुद्धा. पलीकडून ती किंचाळलीच, "बाबा! मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलीय! कार्डाला लावा, खाली!"

म्हणजे तीन आठवडे कार्ड नुसतं बसून होतं!

मग तिने सगळं नीट करून घेतलं. हे डाउनलोड करा, ते बंद करा, परत चालू करा. मधेच हसत होती, मधेच कॉलेजचं सांगत होती. कॉल दीड तास चालला. सरांनी फोन ठेवला, चहा गाळला, तिघांचे कप भरले आणि शांतपणे विचारलं,

"डॉक्टर, पुढच्या रविवारी काय बिघडवायचं?"

*

पुढच्या उन्हाळ्यात सरांना घराजवळची बदली मिळाली. स्टेशनवर सोडून आलो. तिघे होतो तेव्हा खेळायच्या पाळीवरून रोज भांडण, डॉक्टर तर घड्याळ लावायचे. आता दोघेच राहिलो.

"तू बस," डॉक्टर म्हणायचे.

"नको, तुम्ही बसा."

"नाही रे बाप्पा, तू बस."

एवढा आग्रह, आणि मशीन बंद!

*

पावसाळा संपता संपता डॉक्टरांची ऑर्डर आली, पार गडचिरोलीकडची. एक बॅग, एक बादली. मी म्हणालो, मशीन तुम्ही न्या. ते म्हणाले, "मला काय करायचंय? तू खेळ."

ते गेल्यावर आठवड्याभराने मशीन सुरू केलं. घोडा अडखळत चालत होता. धूळ बसली असेल म्हणून कॅबिनेट उघडला. आम्ही रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या. आता एकच होती. दुसरीची जागा रिकामी, खटका नीट मागे केलेला.

मी फोन लावला.

"डॉक्टर, रॅमची एक पट्टी नाहीये."

"माझ्याकडं आहे."

"तिकडे कॉम्प्युटर घेतलात?"

"नाही."

पलीकडे कुठलं तरी वासरू ओरडत होतं. डॉक्टरांनी त्याला चुचकारलं, मग विचारलं,

"एकावर चालतंय ना तुझं?"

"चालतंय. थोडं अडखळत."

"मग राहू दे," डॉक्टर म्हणाले.